घरमालकांचा गायरो

रोज सकाळी उठून निदान एका माणसाला धक्का द्यायचाच असं व्रत घेतलेले गृहस्थ सबंध सिंगापुरात एकच होते, आणि मी खोली भाड्याने घ्यायला गेले ती नेमकी त्यांच्याच दारात. सेम्बावांगला, नवव्या मजल्यावर. दार उघडल्यावर त्यांनी मला 'या' म्हटलं नाही की नाव विचारलं नाही. "अंघोळीला किती मिनिटं लागतात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी इचलकरंजीची. यंत्रमागावर जन्म काढलेल्या बापाची मुलगी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत, न विचारता सांगते. त्यात लाजायचं काय? त्यांनाही सांगितलं. एम.कॉम., फर्स्ट क्लास, रॅफल्स प्लेसला बँकेत नोकरी. "बँकेत काय करतेस?" "आकडे जुळवते. बँकेच्या वहीत एक आकडा असतो, समोरच्याच्या वहीत दुसरा. दोन्ही का जुळत नाहीत ते मी शोधते." त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बी.कॉम.पर्यंतचं चेहऱ्यावर दिसतंय. पुढचं बघू." तेव्हापासून मी त्या घरात बी.कॉम. झाले. सुरुवातीला मी दर वेळी दुरुस्ती करायची, "एम.कॉम., काका." ते म्हणायचे, "हो हो, बी.कॉम." मग मी नाद सोडला. अंघोळीला सात मिनिटं सांगितली होती, ती त्यांनी घड्याळ लावून तपासलीही.

तरुणपणी ते इथल्या जहाजांच्या गोदीत स्टोअरकीपर म्हणून आले. पुढे इथलेच नागरिक झाले, रिटायर झाले. बायको गेली, मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली. सगळे गेले, पण ते स्टोअर काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर मालाचं नाव आणि आवक तारीख. मिठाच्या बरणीवर 'मीठ'. तिच्या शेजारच्या बरणीवर 'साखर (मीठ नव्हे)'. मी एकदा स्क्रूड्रायव्हर मागितला, तर आधी कागद पुढे आला. माल, कारण, परतीची वेळ, सही. मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती, त्याच्या तीन प्रती होत्या. पावसाचे दिवस म्हणून त्यांनी मला एक छत्री दिली होती, तीही दिलेली नव्हती, 'इश्यू' केलेली होती. एकदा ऑफिसात मला उशीर झाला आणि बाहेर धो धो कोसळत होतं, तेव्हा मोबाइलवर त्यांचा मेसेज आला. मला वाटलं, म्हाताऱ्याला काळजी वाटली असेल. उघडून बघते तर, 'छत्री ओव्हरड्यू.'

भांडणाची त्यांना भयंकर हौस, पण भांडण लेखी. तोंडी भांडणं म्हणजे पावतीशिवाय माल सोडणं, असं त्यांचं मत. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक बाईचा आवाज 'दार बंद होत आहे' असं सांगायचा, तो दार बंद झाल्यावर. आम्ही नऊ मजल्यांची माणसं वर्षानुवर्षं ते ऐकत होतो, कुणाला काही वाटलं नव्हतं. यांनी थेट पत्र लिहिलं की आपल्या लिफ्टमधील भगिनी देतात ती सूचना समजावी की इतिहास? आठ दिवसांत आभाराचं उत्तर आलं आणि लिफ्ट दुरुस्त झाली. मी अभिनंदन केलं तर हे दोन दिवस तोंड पाडून बसलेले. "इतक्या लवकर मान्य करतात गं! दुसरं पत्र लिहायची संधीच देत नाहीत. काय माणसं आहेत ही!" एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, गेटवर कार्ड टेकवलं की कापलेलं भाडं आणि उरलेली शिल्लक यांची वजाबाकी तोंडाने करून, ती पटल्यावरच ते पाऊल उचलायचे. मागे ऑफिसला निघालेल्यांची ही रांग. एकदा एक टायवाला तरुण मागून इथल्या खास 'लाह'वाल्या इंग्रजीत ओरडला, "अंकल, फास्टर लाह!" यांनी वळून त्याला अत्यंत मायेने सांगितलं, "यू ऑल्सो चेक, माय सन. इट इज युअर मनी." मी तेव्हा शेजारच्या गेटमधून निघून गेले आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत त्यांना ओळख दिली नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग चिनी नववर्षाच्या सुट्टीत एक प्रकार घडला. चिवड्यासाठी शेंगदाणे परतता परतता काकांना पत्र टाकायचं आठवलं आणि गॅस तसाच ठेवून ते खाली गेले. परत आले तेव्हा सगळ्या कॉरिडॉरमध्ये धूर, शेजारची मकचिक, म्हणजे आमच्या शेजारची मलाय मावशी, बादली घेऊन दारात उभी. जळलं काही नाही, एक कढई गेली. पण मेलबर्नला बातमी पोचली, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, मला शेजारी बसवून, साक्षीदार ठेवल्यासारखं बजावलं, "बाबा, आणखी एक घोळ झाला ना, तर फ्लॅट विकायचा. मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार. तुम्हाला आता आठवत नाही, हे तुम्ही मान्यच करत नाही." कॉल संपल्यावर त्यांनी टीव्हीचा बंद पडदा फडक्याने पुसला. मग म्हणाले, "घेऊन जाणार म्हणे. मी काय डेड स्टॉक आहे?"

आणि अशा वेळी त्यांनी विजेची कंपनी बदलली.

इथे वीज कुणाकडून घ्यायची ते आपण ठरवायचं. तारा त्याच, खांब तेच, मीटर तेच, बिल पाठवणारा मात्र वेगळा. खालच्या मोकळ्या जागेत एका कंपनीने टेबल मांडलं होतं. जुन्यापेक्षा दर कमी, वर पाच किलो तांदूळ फुकट. काका तिथे दोन तास बसले. टेबलावरच्या बाईकडून त्यांनी करारातली सगळी कलमं मोठ्याने वाचून घेतली, आणि तिचा घसा बसल्यावर तिला घरून गरम पाणी नेऊन दिलं. ती टॅब्लेटवर सगळं दोन मिनिटांत भरून देत होती. ते यांना नामंजूर. "काचेवर सही? काच पुसली की सही गेली." शेवटी तिने कुठल्यातरी पिशवीच्या तळातून गायरोचा छापील फॉर्म काढून दिला. गायरो म्हणजे बँकेला एकदाच लिहून द्यायचं की अमुक नंबरच्या बिलाचे जेवढे होतील तेवढे पैसे कंपनीने मागितले की माझ्या खात्यातून देत जा. मग महिन्याच्या महिन्याला आपण काही करायचं नाही. काकांनी तो फॉर्म घरी आणून, हात धुऊन, शाईच्या पेनाने भरला, त्याची झेरॉक्स काढली आणि समारंभाने पोस्टात टाकला. कागदी बिलाला जास्तीचे पैसे पडतात हे कळल्यावर त्यांनी 'बिल ईमेलवर' या चौकोनात खूण केली. मुलीने कधीतरी पासपोर्टच्या कामासाठी त्यांना एक ईमेल काढून दिली होती, त्या ईमेलचा पत्ता दिला. ती ईमेल उघडायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बँक महिन्याला कागद पाठवायची. त्यात किती पैसे कापले ते दिसायचंच, आणखी काय हवं?

पहिल्या महिन्याचा बँकेचा कागद आला आणि काका ओरडले. मी अंघोळीतून, सहाव्या मिनिटाला, बाहेर आले. वीज स्वस्त झाली होती आणि बिल जुन्याच्या दुप्पट. "कुठेतरी उधळपट्टी होतेय," असं म्हणत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथल्या तिथे केस वाळवायचं मशीन त्यांच्या ताब्यात दिलं. पाण्याचा हीटर बंद झाला. दुसऱ्या महिन्यात आकडा आणखी वर. टीव्ही बंद, इस्त्री बंद. माझी एक मैत्रीण सेंगकांगला राहते. मी शनिवारी पिशवीभर कपडे घेऊन तिच्याकडे इस्त्री करायला जायला लागले. तिची मुलगी मला बघून आत ओरडायची, "मम्मी, लाँड्री आंटी कम आलरेडी!" तिसऱ्या महिन्यात आकडा पुन्हा वर, तेव्हा फ्रिज गेला. त्यात दुधाची पिशवी आणि लोणचं तेवढं होतं. दूध आम्ही रोजचं रोज आणू लागलो, आणि लोणचं म्हणजे मुळातच न नासण्यासाठी केलेला पदार्थ आहे, असं मला ऐकवण्यात आलं. मग पंखा. "पंखा माणसाला लागतो, खोलीला नाही," म्हणून एकच पंखा हातात घेऊन ते खोल्याखोल्यांतून हिंडायचे. या विषुववृत्ताच्या उकाड्यात आम्ही दोघं एका पंख्यासमोर, वधूवरांसारखे नव्हे, तर डॉक्टरच्या दवाखान्यातल्या पेशंटसारखे शेजारी शेजारी बसून जेवायचो. आणि पुढच्या महिन्याचा आकडा? वर!

मला खरंच भीती वाटायला लागली. मी आकड्यांत वाढलेली बाई. वापर कमी केल्यावर बिल वाढतं, असा आकडा मी पाहिला नव्हता. काका दाराबाहेरच्या मीटरसमोर प्लॅस्टिकचं स्टूल टाकून तासन् तास बसायला लागले. मीटर मुंगीच्या चालीने चाललेलं. "वीज गळतेय, बी.कॉम.," ते कुजबुजायचे, "मधल्यामधे कुणीतरी पितंय." मग त्यांचा मकचिकवर संशय गेला. ते तिच्या दारात गेले आणि तिच्या घरातल्या तारांची लेखी यादी मागितली. ती पोट धरून हसली आणि त्यांच्या हातावर केळीच्या पानातला नारळाचा गोड पदार्थ ठेवला. तोंड भरलेलं असताना आरोप करता येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. परत आल्यावर म्हणाले, "ती नाही. चोरी करणारी बाई इतका गूळ घालत नाही."

कंपनीला त्यांनी पत्रं लिहिली. सात महिन्यांत सात. 'आदरणीय महोदय, आपण माझ्याकडून कोणाच्या विजेचे पैसे घेत आहात?' अशी त्यांची सुरुवात असायची. एकाचंही उत्तर नाही. मी म्हणायची, "फोन करा ना काका," तर, "फोनची पावती मिळते का?" लिफ्टवाले आठ दिवसांत उत्तर देतात आणि वीजवाले सात महिने मूग गिळून बसतात, याचा त्यांना पैशापेक्षा जास्त धक्का होता.

मग तो रविवार आला. व्हिडिओ कॉल लागला तर ताईचा चेहरा पांढराफटक. तिने कशासाठी तरी ती जुनी ईमेल उघडली होती. "बाबा, तुम्ही सात महिने विजेचं बिल भरलेलं नाही." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "एकसुद्धा नाही! सात बिलं, सात आठवणीची पत्रं, आणि तुमच्या पत्रांना त्यांनी सात उत्तरं दिलीत बाबा, की 'आपले पैसे मिळालेले नाहीत, कृपया गायरो तपासा.' महिनाअखेर करार मोडणार आणि वर दंड लावणार म्हणतायत." काकांनी बँकेचे सातही कागद आणून कॅमेऱ्यासमोर धरले. दर महिन्याला पैसे कापलेले. कंपनीचं नाव तेच. ताईने ते एकेक करून वाचले. मग हळू आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं तिने विचारलं, "बाबा, आणखी कुठल्या कागदावर सही केली होतीत का? आठवून बघा. कुणी काही सांगून...?" त्या 'आठवून बघा'ला काकांचा हात खाली आला. "मी तिकीट काढते," ताई म्हणाली. "पंधरा दिवसांत येते. आता बास."

मला राग आला, खरं सांगते. त्या माणसाने माझ्या सात मिनिटांचा हिशेब ठेवला होता, तो सही कुठे केली हे विसरेल? मी म्हटलं, "ताई, थांबा. हे माझं रोजचं काम आहे." मी गायरोच्या फॉर्मची झेरॉक्स मागवली. ती अर्थातच तिसऱ्या मिनिटाला, फाइलसकट, हजर झाली. करार करताना टेबलावरच मिळालेल्या कंपनीच्या पहिल्या पत्रावर काकांचा बिल नंबर छापलेला होता, तोच फॉर्मवर असायला हवा. मी पत्रावरचा एकेक आकडा वाचायचे, काका फॉर्मवर बोट ठेवून 'बरोबर' म्हणायचे. मग उलट, ते पत्र वाचायचे आणि मी फॉर्म. तिसऱ्यांदा मी एकटीने, पट्टी ठेवून तपासला. शेवटपर्यंत जुळला. मी ताईला छाती पुढे काढून सांगितलं, "फॉर्ममध्ये चूक नाही. मी एम.कॉम. आहे, मी स्वतः तपासलाय. चूक कंपनीची आहे." ताई म्हणाली, "असेल तर लेखी आणा. नाहीतर मी येतेय."

कंपनीचं ऑफिस माझ्या ऑफिसपासून दोन रस्ते सोडून. सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि आम्ही निघालो. काकांनी गोदीतला जुना, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. ही इस्त्री कधी केली हे मी विचारलं नाही. गाडीत ते फाइल मांडीवर घेऊन बसलेले. ऑर्चर्ड स्टेशन गेल्यावर म्हणाले, "बी.कॉम., एक ऐक. माझं चुकलेलं निघालं, तर तिथे लोकांसमोर काही बोलू नकोस. खाली उतरल्यावर सांग." मी म्हटलं, "काहीतरीच काय काका, चुकलेलं नाहीच." त्या दिवशी गेटवर त्यांनी वजाबाकीसुद्धा केली नाही. कार्ड टेकवलं आणि सरळ चालू लागले.

काउंटरवर पन्नाशीची एक चिनी बाई होती. गळ्यात चष्म्याची साखळी, समोर थर्मास. मी तिच्यापुढे सगळं मांडलं, बँकेत साहेबांपुढे मांडते तसं. पैसे गेले, तुमच्याकडे आले, मग यांच्या नावावर का नाहीत? तिने कॉम्प्युटरवर टकटक केलं, भुवया वर केल्या, परत टकटक केलं, आणि मग काकांकडे पाहून विचारलं, "अंकल, व्हाय यू एव्हरी मंथ पे अनदर पर्सन बिल?"

आम्ही दोघं एकदम पुढे वाकलो. दुसऱ्याचं बिल? तिने पडदा वळवून दाखवला. काकांच्या खात्यातून सात महिने एका भलत्याच बिल नंबरचे पैसे भरले जात होते. नंबर जवळजवळ तोच, फक्त मधला एक आकडा वेगळा. काकांच्या नंबरात चार, त्या नंबरात आठ. "तुम्ही चुकीचा भरून घेतलात," मी म्हटलं, "फॉर्मवर चार लिहिलाय." तिने मूळ फॉर्मची नक्कल काढली, बोट ठेवलं. "धिस वन एट."

"फोर," मी म्हटलं.

"एट, लाह."

"फोर!" काका म्हणाले.

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, कागद आमच्याकडे फिरवला, आणि शांतपणे त्या आकड्याशेजारी पेन्सिलीने आपला एक चार काढला, काटकोनी, खुर्ची उलटी ठेवावी तसा. मग पुन्हा बोट ठेवून म्हणाली, "धिस वन फोर. युअर वन एट."

आणि मला दिसलं. विजेचा खरा धक्का मी एकदाच खाल्ला आहे, लहानपणी, बाबांच्या कारखान्यात उघड्या तारेला हात लागला तेव्हा. हा तसा होता, दंडापासून दाढेपर्यंत. काकांनी सगळा नंबर इंग्रजीत लिहिला होता आणि मधला एक चार, एकच, मराठीत. खाली गाठ, वर दोन टोकं, आणि शाईचं पेन असल्यामुळे वरची टोकं एकमेकांना चिकटलेली. जगातल्या कुठल्याही माणसाने त्याला आठ म्हटलं असतं. आम्ही दोघांनी मिळून तो तीनदा तपासला आणि तीनही वेळा तिथे चारच वाचला, कारण नगरपालिकेच्या शाळेत पाटीवर गिरवलेला चार तोच. डोळ्यांना तो परका वाटलाच नाही. पट्टी ठेवून तपासला होता मी! बँकेतले दोन बाजूंचे आकडे जुळवून पगार घेणारी मी!

"यू ऑल्सो सी फोर?" बाईने मला विचारलं. मी मान हलवली. "वाह," ती म्हणाली, "यू टू सेम स्कूल आह?"

मला वाटलं, काका आता खचतील. मी तर त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली, त्या आकड्याकडे हरवलेला नातेवाईक सापडल्यासारखं पाहिलं आणि ताठ बसून बाईला सांगितलं, "मॅडम, धिस इज मराठी फोर."

"मराठी फोर कॅनॉट, अंकल," ती म्हणाली. "मशीन ओन्ली नो वन फोर."

त्यावर ते हसायला लागले. मी दोन वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं की ते हसताना खांदे उडवतात. रांगेतले लोक वळून बघायला लागले. हसता हसता माझ्या हातावर थाप मारून मराठीत म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो गं! मी बरोबरच लिहिलं होतं!" आणि मग एकदम गंभीर होऊन त्यांनी बाईकडे मागणी केली ती पैशांची नाही. त्यांना लेखी हवं होतं, की अर्जदाराने क्रमांक अचूक जाणला होता, केवळ लिपीमुळे वाचण्यात फरक पडला. तीन प्रती. त्या बिचारीने आयुष्यात पहिल्यांदा असलं पत्र टाइप केलं असेल. दंड रद्द झाला, पैसे परत वळते करायचं ठरलं. दुसरं घर कुणाचं ते तिने सांगितलं नाही, तसा नियमच आहे. काका म्हणाले, नाव नको, निरोप सांगा. सात महिने आम्ही एका पंख्यावर काढले आणि त्यांचा एसी आमच्या पैशांवर चालला. निदान दारं तरी लावून घेत जा म्हणावं.

रविवारी ते पत्र कॅमेऱ्यासमोर धरून त्यांनी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं, सहीशिक्क्यासकट. ताई आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, चुकलं माझं. तुम्ही राहा तिथेच. मी परत विषय काढणार नाही." मी आत जाऊन हीटर लावला आणि तब्बल वीस मिनिटं अंघोळ केली. कुणी घड्याळ लावलं नाही. आपण जिंकलो, असं मला वाटलं.

महिनाभराने ते माझ्यासमोर एक कागद ठेवून म्हणाले, "ही नोटीस. दोन महिन्यांत तुला खोली सोडावी लागेल. मी मेलबर्नला चाललोय." मला वाटलं ताईने काहीतरी केलं. मी तावातावाने उठले, "पण काका, आपण जिंकलो होतो! तुम्हाला आता कोण नेणार?" ते म्हणाले, "तेच तर. आता कुणी नेत नाहीये, मी जातोय. नातीला मराठी बाराखडी येत नाही अजून. मला केव्हाचं जायचं होतं, बी.कॉम. पण डोकं गेलेला म्हातारा म्हणून नव्हतं जायचं." इतकी वर्षं दोन बाजू जुळवायचं काम करते मी. या माणसाच्या मनात एक बाजू अशी होती, हे एका पंख्यासमोर सात महिने शेजारी बसूनही मला दिसलं नव्हतं.

फ्लॅट विकला गेला. बरण्या त्यांनी मकचिकला दिल्या, तिने चिठ्ठ्या काढल्या नाहीत. तिला वाचता येत नाहीत तरीसुद्धा. मी सेंगकांगला राहायला आले. इथे माझं भाडं, वीज, पाणी, फोन सगळं आपलं आपण कापलं जातं, मी काही करत नाही.

परवा त्यांचा फोन आला होता. तब्येत छान, लेक जपते, नात बाराखडी घोकते. आवाज मात्र रिकामा रिकामा. "इथे सगळं लेकच बघते गं," म्हणाले. "चांगलंच आहे. मी काही हात लावायचा नाही, असं आहे." मग दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असल्यासारखं विचारलं, "तुझं एखादं बिल वगैरे चुकलंय का? असेल तर पाठव. मी बघतो. पत्र लिहितो."

मी म्हटलं, "नाही हो काका, सगळं बरोबर आहे."

"असं का," ते म्हणाले. "बरं. चांगलं आहे मग."

मी फोन ठेवला. इतकं खरं बोलायची काही गरज नव्हती.